आधी ‘हो’, मग रात्रभर विचार: भिडस्तपणाची सवय मोडायची कशी?

कुणी काही मागितलं की ‘हो, चालेल की’ एवढं बोलायला एक सेकंद पुरतो. मन कामाला लागतं ते त्यानंतर. कशाला हो म्हटलं, आता वेळ कुठून काढायचा, नाही म्हटलं असतं तर राग आला असता का, अजून टाळता येईल का, टाळलं तर काय सांगायचं. रात्री अंथरुणावर पडल्यावर तोच संवाद वेगवेगळे शेवट करून पुन्हा पुन्हा चालतो.

अतिविचार आणि सगळ्यांची मर्जी राखणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं आपण धरून चालतो. एकीवर ध्यान, फिरणं, मोबाइल बंद ठेवणं असे उपाय सांगितले जातात, दुसरीवर ‘ठामपणे नाही म्हणायला शिका’ असा सल्ला. माझ्या मते बऱ्याच जणांच्या बाबतीत ही एकच साखळी असते. जो निर्णय मागणी आली तेव्हा घ्यायचा होता तो भिडेपोटी घेतलाच गेला नाही, म्हणून तो नंतर डोक्यात घोळत राहतो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा रोख त्यामुळे एकाच जागेवर आहे: मागणी आणि उत्तर यांच्यामधली ती एका सेकंदाची फट. ती रुंद करायची, तिथे खरोखर निर्णय घ्यायचा आणि निर्णयानंतर येणारी बेचैनी सोसायला शिकायचं. यातला शेवटचा भाग सगळ्यात अवघड, आणि सल्ले देणारे नेमका तोच गाळतात.

हे चक्र फिरतं कसं

समोरच्याने काही मागितलं की भिडस्त माणसाच्या शरीरात आधी काहीतरी होतं. छातीत धस्स होतं, पोटात खड्डा पडतो, खांदे ताठ होतात, चेहऱ्यावर मात्र आपोआप हसू येतं. ही अवस्था नकोशी असते आणि ‘हो’ म्हटलं की ती क्षणात ओसरते. ती सुटका हेच बक्षीस. एखादी कृती केल्याने नकोशी गोष्ट टळली की ती कृती अंगवळणी पडते. वर्तनशास्त्रात याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. भिडेने दिलेला प्रत्येक होकार पुढच्या होकाराची वाट सोपी करतो. आपण याला स्वभाव म्हणतो, कौतुकाने चांगुलपणाही म्हणतो. बऱ्याचदा ती नुसती शिकलेली सुटका असते, आणि शिकलेली गोष्ट बदलता येते.

घोळणाऱ्या विचारालाही असंच छोटं बक्षीस मिळतं. विचार करत असताना ‘मी प्रश्न सोडवतोय’ असं वाटतं, हातात मात्र काही येत नाही. मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि उदास वाटलं की ते काय करतात याची नोंद घेतली होती. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबर १९८९ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को परिसरात मोठा भूकंप झाला. योगायोगाने हाती आलेल्या या संधीचा उपयोग करून त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा तपासलं. आपल्या उदासीचीच उजळणी करत बसण्याची सवय ज्यांना होती त्यांच्यात सात आठवड्यांनंतरही नैराश्याची लक्षणं जास्त होती, भूकंपाआधीची मनःस्थिती हिशेबात धरूनसुद्धा.

मग विचार करायचाच नाही का? तसं नाही. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड वॉटकिन्स यांनी या विषयावर बरंच काम केलं आहे आणि त्यांनी केलेला भेद रोजच्या वापराचा आहे. ‘माझ्याच वाट्याला हे का येतं’, ‘मी असा का आहे’ हे प्रश्न कितीही वेळ चालू शकतात, कारण त्यांना शेवट नाही. ‘नेमकं काय झालं’, ‘आता पहिली कृती कोणती’ हे प्रश्न लवकर संपतात. विचाराच्या एका फेरीअखेर उद्या करता येईल अशी एक तरी कृती निघाली तर तो विचार. तिसऱ्या फेरीतही निघाली नाही तर तो घोळ.

घोळ दाबून बंद करायचा प्रयत्न मात्र करू नका. १९८७ साली डॅनियल वेगनर यांनी प्रयोगात भाग घेणाऱ्यांना सांगितलं की पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटी वाजवायची. घंटी वाजत राहिली. नंतर विचार करायची मोकळीक दिल्यावर तर या लोकांच्या मनात ते अस्वल, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा जास्त वेळा आलं.

पायरी पहिली: दोन आठवडे फक्त नोंद

या दोन आठवड्यांत काहीही बदलायचं नाही. नेहमीप्रमाणे हो म्हणा, फक्त लिहून ठेवा. वही चालेल, मोबाइलही चालेल. कुणी मागितलं, काय मागितलं, समोरासमोर की फोनवर की मेसेजवर, अंगात कुठे काय जाणवलं, तोंडातून काय गेलं, मनात खरं काय होतं आणि कशाची भीती वाटली, एवढंच. एका प्रसंगाला चार ओळींपेक्षा जास्त नको. पान भरून लिहायला लागलात तर तोही घोळच.

नमुन्यादाखल: ‘सहकाऱ्याने संध्याकाळी सहाला विचारलं, उद्याचं सादरीकरण बघून देतेस का. खांदे ताठ. म्हटलं, हो देते ना. खरं तर दमले होते. भीती: स्वार्थी वाटेन. रात्री अकरापर्यंत जागले, चिडून केलं.’

दोन आठवड्यांनी वाचाल तेव्हा बहुतेकांना दिसणारी पहिली गोष्ट म्हणजे आपण सगळ्यांपुढे भिडस्त नसतो. तीन-चार ठरावीक माणसं असतात. किंवा ठरावीक माध्यम असतं: मेसेजवर ठाम असणारा माणूस फोनवर विरघळतो. किंवा ठरावीक वेळ, म्हणजे दमलेली संध्याकाळ. कुणाला चारचौघांत विचारलं तरच नाही म्हणता येत नाही. ‘माझा स्वभावच असा’ या एका वाक्याखाली दडलेला प्रश्न असा आवाक्यात येतो. ‘मला दुखावलेले चेहरे बघवत नाहीत’ आणि ‘माझ्यावाचून अडावं असं मला वाटतं’ या दोन कारणांतून सारखाच होकार निघतो, पण दोघांवरचं काम वेगळं. दुसरं कारण वहीत सापडलं तर दचकू नका, ते अगदी सर्रास असतं.

इथेच एक शंका येते: मग मदत करणं, दुसऱ्याचं मन राखणं हे सगळं चुकीचं? मदत आणि भीड वेगळी काढायला मला एक प्रश्न पुरेसा वाटतो. नाही म्हटल्याने समोरच्याला तिळभरही वाईट वाटणार नाही अशी खात्री असती, तरी हे केलं असतं का? केलं असतं तर ती मदत, खुशाल करा, दमून करा. केलं नसतं तर त्या होकारात तुमची इच्छा नव्हती, फक्त भीती होती.

पायरी दुसरी: भीतीचा हिशेब तपासा

वहीतल्या भीतीच्या ओळी एकत्र काढल्या की त्या सहसा दोनच निघतात: ‘ते रागावतील’ आणि ‘ते मला वाईट समजतील’. दोन्ही अंदाज आहेत, आणि माणसाचे असे अंदाज एकाच दिशेने चुकतात.

थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्याला एका गायकाचं चित्र असलेला, चारचौघांत घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीभर लोकांसमोर पाठवलं. निम्म्या लोकांच्या तरी ते लक्षात आलं असेल, असं त्या विद्यार्थ्यांना वाटलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना चित्र कुणाचं ते सांगता आलं. आपल्या बोलण्यातली अडखळ, आपला कोरडा ‘बरं’, आपला उशिरा गेलेला मेसेज यांची आपण करतो तेवढी उजळणी दुसरं कुणीच करत नसतं. त्यांना त्यांची अडखळ आठवत असते.

नकाराबद्दलही हेच. आमंत्रण नाकारणारा माणूस, यजमानाला किती वाईट वाटेल याचा अंदाज वास्तवापेक्षा जास्त लावतो, असं ज्युलियन गिवी आणि कॉलिन कर्क यांच्या २०२३ मधल्या अभ्यासात दिसलं. नाकारणारा असं धरून चालतो की समोरचा फक्त नकाराकडे बघणार. समोरचा मात्र तो नकार किती विचारांती आला असेल हेही लक्षात घेतो.

मला याहून मोलाचा वाटतो तो फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा बोन्स यांचा २००८ चा अभ्यास, कारण तो उलट बाजूने बघतो. अनोळखी लोकांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायची होती. त्यासाठी किती जणांना विचारावं लागेल याचा अंदाज मागणाऱ्यांनी आधी सांगितला. प्रत्यक्षात अंदाजाच्या साधारण निम्म्याच लोकांना विचारावं लागलं. तोंडावर नाही म्हणणं समोरच्याला किती जड जातं, हे मागणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. भिडस्त माणसाची जुनी तक्रार असते, ‘त्यांना कळायला नको का?’ नाही कळत. तुम्ही हसत हो म्हणालात, त्यांनी ते खरं मानलं. यात त्यांचा लबाडपणा असेलच असं नाही. वर्षानुवर्षं साठलेला बराचसा राग या एका गोष्टीने सैल होतो, असा माझा अनुभव आहे.

पायरी तिसरी: उत्तर लांबवा

आता वागणूक बदलायची, पण नकारापर्यंत अजून जायचं नाही. फक्त लगेच उत्तर द्यायचं नाही. त्यासाठी एकच वाक्य पाठ करा आणि ते तुमच्याच बोलीतलं असू द्या. ‘बघून सांगतो.’ ‘रात्रीपर्यंत कळवते.’ ‘घरी विचारून सांगतो’ हे मात्र टाळा. त्यात निर्णयाचा भार दुसऱ्यावर जातो आणि पुढे घरच्यांच्या नावावर खोटं बोलावं लागतं.

ऐन वेळी हे वाक्य सुचत नाही, म्हणून ते प्रसंगाला बांधून ठेवावं लागतं. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘जर-तर’ पद्धत इथे चांगली चालते. ‘मी आता विचार करून हो म्हणेन’ असा मोघम निश्चय टिकत नाही. ‘जर कुणी फोनवर काही काम सांगितलं, तर मी रात्रीपर्यंत कळवतो असं म्हणेन’ हा टिकतो, कारण यात खूण आणि कृती दोन्ही ठरलेल्या आहेत. वहीत ज्या ठरावीक जागा सापडल्या त्यांच्यासाठीच अशी दोन-तीन वाक्यं तयार करा.

मुदत मागितली की ती पाळायची. रात्रीपर्यंत म्हटलं तर रात्रीच उत्तर गेलं पाहिजे. नाहीतर लांबवणं हीच नवी पळवाट होते, समोरचा ताटकळतो आणि तुमच्या डोक्यात आणखी एक उघडं प्रकरण राहतं. गप्प बसून समोरच्याने आपोआप समजून घ्यावं अशी वाट बघणं हाही भिडस्तपणाच, फक्त जास्त त्रासदायक.

मिळालेल्या वेळात काय करायचं? दहा मिनिटं बसा. हे करायचं तर कुठली गोष्ट बाजूला पडेल तिचं नाव लिहा. नुसतं ‘वेळ जाईल’ असं नको, ‘शनिवारची झोप’ किंवा ‘मुलीबरोबरची संध्याकाळ’ असं. मग मागणी पुढच्या महिन्यातली असेल तर ती उद्याचीच आहे असं समजा. गाल झॉबरमन आणि जॉन लिंच यांनी २००५ मध्ये दाखवलं की पुढे आपल्याकडे आजच्यापेक्षा जास्त मोकळा वेळ असेल असं माणसाला वाटतं, आणि पैशांपेक्षा वेळेबाबत हे जास्त घडतं. लांबच्या तारखेला दिलेला होकार म्हणूनच स्वस्त वाटतो. उद्या जमणार नसेल तर पुढच्या महिन्यातही बहुधा जमणार नाही. दहा मिनिटं संपली की जे बरं वाटेल ते उत्तर पक्कं. छोट्या गोष्टींत चुकीचा निर्णय परवडतो, लांबलेला निर्णय परवडत नाही.

पायरी चौथी: नाही म्हणणं

सुरुवात आईपासून किंवा साहेबांपासून करू नका. दुकानात ‘आणखी काही दाखवू का’ याला ‘नको’ म्हणण्यापासून करा, नको असलेल्या कॉलपासून करा, तिथून जरा लांबच्या ओळखीपर्यंत या. अवघड माणसं शेवटी. पहिले नकार मेसेजवर दिले तरी हरकत नाही. समोरासमोरच बोललं पाहिजे असा आग्रह धरणाऱ्यांना भीड म्हणजे काय ते माहीत नसावं.

नकार छोटा असावा. ‘या वेळी मला जमणार नाही. विचारलंत, बरं वाटलं.’ संपलं. भिडस्त माणूस इथे कारणांची रांग लावतो आणि तिथेच फसतो, कारण प्रत्येक कारणावर तोड निघते. ‘शनिवारी पाहुणे आहेत’ म्हटलं की ‘मग रविवारी ये’ हे आलंच. कारण सांगायचंच असेल तर एक, आणि खरं. खोटं कारण लक्षात ठेवावं लागतं, घरच्यांना सांगून ठेवावं लागतं, स्टेटस टाकताना विचार करावा लागतो. ज्या घोळातून सुटायचं होतं तोच मागच्या दाराने आत येतो.

समोरचा पुन्हा विचारेल तेव्हा नवं कारण शोधायचं नाही, तेच वाक्य तितक्याच मऊ आवाजात पुन्हा म्हणायचं.

‘अगं, एवढं काय, तासाभराचं तर काम आहे.’
‘हो ना, पण या वेळी नाही जमणार, ताई.’
‘तू नाही म्हटलंस तर मी कुणाकडे जाऊ?’
‘अडचण कळतेय गं. मला मात्र नाही जमणार.’

वडीलधाऱ्यांशी बोलताना सूर बदलतो, मजकूर तोच राहतो. ‘काका, तुम्ही हक्काने सांगितलंत हे मला कळतंय. पण या वेळी मला शक्य नाही.’ आदर सांभाळण्यासाठी होकारच द्यावा लागतो असं नाही. शब्द, आवाज आणि वेळेवर दिलेलं उत्तर यांतही आदर असतो.

अर्धा होकार द्यायला हरकत नाही, तो खरा असेल तर. ‘पूर्ण मजकूर लिहून देणं जमणार नाही, लिहिलेला एकदा वाचून देईन’ हे चांगलं उत्तर आहे. ‘बघू या, प्रयत्न करते’ हे उत्तरच नाही. मनात नाही असताना असं म्हणणं म्हणजे नकार फक्त उशिरा आणि जास्त वाईट वेळी देणं.

आणि दिलेला होकार मागे घ्यायचा असेल तर? घेता येतो, लवकर घेतला तर. ‘परवा मी हो म्हटलं होतं, ते नीट विचार न करता म्हटलं. मला ते जमणार नाही. तुम्हाला दुसरी सोय करायला वेळ मिळावा म्हणून आजच सांगतोय.’ माफी एकदा मागा, पाच वेळा नको. आदल्या दिवशी मागे घेणं मात्र अन्याय आहे. तेव्हा काम करून टाका आणि त्या प्रसंगाची वहीत नोंद घ्या.

पायरी पाचवी: मर्यादा आखणं

प्रत्येक वेळी नव्याने निर्णय घेत राहिलं तर दमायला होतं. ज्या मागण्या वारंवार येतात त्यांच्यासाठी एक नियम ठरवला की निर्णय एकदाच घ्यावा लागतो. ‘मी उसने पैसे देत नाही’ हा नियम सांगणं ‘तुला देत नाही’ म्हणण्यापेक्षा सोपं पडतं, आणि तो सगळ्यांना सारखा लागू असला तर कुणाला लागतही नाही. पण मग तो खरोखर सगळ्यांना लागू हवा.

मर्यादा म्हणून जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं खरं तर दुसऱ्याला घातलेली अट असते. ‘रात्री दहानंतर मला फोन करू नकोस’ ही विनंती. ती पाळली जाईल किंवा नाही, ते तुमच्या हातात नाही. ‘रात्री दहानंतर मी फोन घेत नाही, सकाळी उलट फोन करतो’ ही मर्यादा, कारण ती पाळणारे तुम्हीच. ‘पुन्हा फोन केलास तर बोलणारच नाही’ ही धमकी, आणि धमक्या बहुतेक वेळा मोडतात. आपली मर्यादा लिहून काढा आणि बघा, वाक्याचा कर्ता कोण आहे. ‘मी’ नसेल तर वाक्य पुन्हा लिहा.

नोकरीत थेट नाही म्हणणं दरवेळी शक्य नसतं, तिथे निवड साहेबांपुढे ठेवता येते. ‘हे आज हातात घेतलं तर कालचा अहवाल परवावर जाईल. तुम्हाला आधी काय हवंय?’ यात उद्धटपणा नाही, हिशेब आहे. कामाची यादी समोर उघडून ठेवलीत तर आणखी बरं.

मर्यादा शांत वेळी सांगावी, भांडणाच्या मध्यात नाही. सांगितल्यावर पुढे काय होतं हे माहीत नसल्यामुळे बहुतेक जण इथेच हरतात. एखाद्या वागण्याला नेहमी मिळणारं फळ अचानक बंद झालं की ते वागणं थांबण्याआधी काही काळ उलट वाढतं, असं वर्तनशास्त्रात अनेकदा दिसून आलेलं आहे. म्हणजे दहानंतर फोन घेणं थांबवलंत की पहिले काही दिवस फोन जास्त येतील, मग मेसेज, मग तिसऱ्या माणसाकडून निरोप. हे बघून ‘माझं चुकलं’ असं वाटतं, पण ही बदल सुरू झाल्याची खूण असू शकते. पाचव्या फोनला तुम्ही नमलात तर समोरच्याने एवढंच शिकलं की पाच वेळा फोन करावा लागतो. कधी मिळतं, कधी नाही अशा फळामुळे लागलेली सवय सुटायला सगळ्यात चिवट. म्हणून जी मर्यादा निदान महिनाभर पाळता येईल तीच जाहीर करा. एक छोटी मर्यादा पाळली गेली तर ती पाच मोठ्या मोडलेल्या मर्यादांपेक्षा उपयोगाची.

जाता जाता: सगळे संबंध तोडून टाकणं, मेसेजना उत्तरच न देणं, तोंड फुगवून बसणं याला हल्ली मर्यादा म्हणायची पद्धत पडली आहे. अबोला म्हणजे मर्यादा नव्हे. समोरच्याला काय पाळायचं ते कळलंच नाही तर तो पाळणार काय?

एक महत्त्वाचा अपवाद. समोरचा माणूस मारहाण करणारा असेल, धमकावणारा असेल, किंवा तुमचं राहणं आणि पोट सर्वस्वी त्याच्या हातात असेल, तर तुमचा होकार हा भिडस्तपणा नसून स्वतःला वाचवण्याचा मार्ग असू शकतो. तिथे हा लेख बाजूला ठेवा. आधी सुरक्षित जागा, विश्वासाचं माणूस आणि कायद्याची किंवा संस्थेची मदत. ‘नाही’ म्हणण्याचा सराव तिथे करायचा नसतो.

पायरी सहावी: नाही म्हटल्यानंतरची रात्र

नाही म्हटलं, फोन ठेवला, आणि बरं वाटण्याऐवजी अपराधी वाटायला लागलं. हे होणारच. आतापर्यंत ही बेचैनी ‘हो’ने मिटवली जात होती, आज ती मिटवणारं काही नाही. अपराधी वाटणं हा गुन्ह्याचा पुरावा नाही. तुम्ही खरंच वचन मोडलंत का, कुणाचं नुकसान केलंत का, हे एकदा तपासा. उत्तर नाही असेल तर ती भावना फक्त सवय मोडल्याची आहे आणि तिच्यावर काहीही करायचं नाही.

‘काही न करणं’ ही इथली खरी मेहनत, कारण हात शिवशिवतात. दुसरा, स्पष्टीकरणाचा मेसेज पाठवावासा वाटतो. ‘रागावली नाहीस ना?’ असं विचारावंसं वाटतं. तिसऱ्याच मैत्रिणीला सगळं सांगून ‘तुझं बरोबर होतं’ असं वदवून घ्यावंसं वाटतं. यातल्या प्रत्येकाने तात्पुरतं हलकं वाटतं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. नियम ठेवा: नकारानंतर एक दिवस त्या विषयावर आपणहून एकही शब्द नाही. बेचैनी आधी चढेल, मग कुणी काही न करता उतरेल. हे एकदा स्वतः पाहिलं की पुढच्या वेळी तिची धास्ती कमी होते, आणि नुसतं वाचून ती कमी होत नाही.

तोवर मनाचं काय करायचं? जे वाटतंय त्याला नाव द्या: अपराधी, घाबरलेलं, चिडलेलं. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ मधल्या प्रयोगात भावनेला शब्द दिल्यावर भीतीसारख्या भावनांशी संबंधित असलेल्या, मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव घेऊन मनाशी बोलणाऱ्यांना ताणाच्या प्रसंगाकडे जरा लांबून बघता आलं आणि प्रसंग संपल्यावर त्यांनी त्याची उजळणीही कमी केली. ‘तुझ्या जागी मैत्रीण असती तर तू तिला काय म्हणाली असतीस?’ असं स्वतःला नावाने विचारणं ऐकायला वेडगळ वाटतं. करून बघा, मोठ्याने बोलायची गरज नाही.

झालेलं संभाषण पुन्हा पुन्हा आठवत असेल तर कागदाचे दोन भाग करा. डावीकडे समोरची व्यक्ती खरोखर बोलली तेवढेच शब्द. उजवीकडे तुम्ही त्यात घातलेला अर्थ. डावीकडे ‘ठीक आहे’ एवढेच दोन शब्द असतात आणि उजवीकडे अर्धं पान.

आणि रोज घोळणाऱ्या काळजीसाठी थॉमस बोर्कोवेक यांनी १९८३ मध्ये तपासलेली जुनी पद्धत: दिवसातला अर्धा तास काळजीसाठी राखून ठेवायचा, वेळ आणि जागा रोज तीच. दिवसभरात काळजी आली की तिचं एका ओळीत टिपण करायचं आणि त्या वेळेवर ढकलायची. दाबायचं नाही, पुढे ढकलायचं. ठरल्या वेळी बसून यादी वाचायची. ज्यावर कृती आहे तिथे कृती लिहायची, बाकीची काळजी मनसोक्त करायची. वेळ झोपेच्या फार जवळची नको. बऱ्याच ओळी तोवर शिळ्या झालेल्या असतात. पहिल्या आठवड्यात हे जमत नाही, मन ऐकत नाही, म्हणून लगेच सोडू नका.

तज्ज्ञाकडे कधी जायचं

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशात रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तेच विचार थांबवण्यासाठी पुन्हा पुन्हा काही तपासावं किंवा विचारावं लागत असेल, किंवा नाही म्हणण्याच्या नुसत्या कल्पनेने घाम फुटत असेल, तर समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ यांच्याकडे जा. जगू नये असं वाटत असेल तर आजच, कुणाला तरी बरोबर घेऊन. कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीत, म्हणजे विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारात, वर सांगितलेल्यातलं बरंच काही शिस्तीत, माणूस पाहून करून घेतात. जाताना ती वही सोबत न्या. पहिल्या भेटीत ‘मी फार विचार करतो’ असं सांगण्यापेक्षा चार नोंदी वाचून दाखवल्या तर कामाला लवकर सुरुवात होते.

माणसं बदलतील तेव्हा

काही महिन्यांत कुणीतरी म्हणेल, ‘तू आता पूर्वीसारखी राहिली नाहीस.’ खोडून काढू नका, ते खरं आहे. ‘हो, पूर्वी मी न झेपणाऱ्या गोष्टींनाही हो म्हणायचे. आता जमेल तेच कबूल करते, आणि कबूल केलं की करते.’ एवढं बोलून विषय बदला. जवळची माणसं थोडी कुरकुर करून रुळतात. तुमच्या होकारावर आता विसंबता येतं हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो. काही जण मात्र गप्प होतात, कमी बोलावतात, आणि ते का हे तुम्ही रात्री अंथरुणात कितीही शोधलंत तरी सापडणार नाही. अशा माणसाला काही दिवसांनी, दोघांपैकी कुणाचंच काही काम नसताना, आपणहून एक फोन करा.